बाळदम्याचे मानकरी

बाळदमा हा एका मुलाला होणारा आणि सबंध कुटुंबाने मिळून चालवायचा आजार आहे. मुलाच्या श्वासनलिकांना आतून सूज असते, भोवतालचे स्नायू आखडतात, चिकट कफ धरतो आणि श्वास सोडताना छातीत कुईकुई वाजते. वैद्यकशास्त्राचा वाटा एवढाच. बाकीचा सगळा नातेवाइकांचा.

ही कुईकुई पहाटेच्या सुमाराला वाढते, सर्दी झाली की उसळते, दिवाळीच्या धुरात हमखास येते आणि मध्येच दोन-दोन महिने तिचा पत्ता नसतो. या शेवटच्या सवयीमुळे दम्याइतका उपायांना पोसणारा दुसरा रोग सापडणे कठीण. दमा आपणहून ओसरायला लागला, की त्या आठवड्यात घरात जे काही चालू असेल त्याने 'गुण आला' असे जाहीर होते. शिवाय बाळदम्याच्या बऱ्याच मुलांचा, त्यातही मुलग्यांचा, त्रास वयात येईपर्यंत बराच कमी होतो किंवा थांबतो. म्हणजे सहाव्या वर्षी सुरू केलेला कोणताही उपाय चिकाटीने तेराव्या वर्षापर्यंत रेटला, तर तो लागू पडण्याची शक्यता उत्तम असते. उपाय कोणता, हा त्या मानाने किरकोळ प्रश्न.

उपचारांची सुरुवात स्वयंपाकघरात होते आणि त्या खात्याचे प्रमुखपद आजीकडे असते. पहिला मान ओव्याच्या पुरचुंडीचा. जुन्या धोतराचा धुऊन मऊ झालेला तुकडा, त्यात मूठभर ओवा, वर घट्ट गाठ. तवा मंद आचेवर ठेवून पुरचुंडी त्यावर टेकवायची, आजीने ती आधी आपल्या मनगटाला लावून पाहायची आणि मग मुलाच्या छातीवरून, पाठीवरून फिरवायची. ऊब लागते, ओव्याचा वास येतो, आजी जवळ असते, त्यामुळे मूल रडायचे थांबते आणि रडणे थांबल्याने धापही थोडी बसते. चटका लागत नाही तोवर या उपायाबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही.

दुसरा मान धुरीचा. तिथे तक्रारीला पुष्कळ जागा आहे. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग आणि लसणीची साले टाकून खोलीची दारे लावली जातात आणि ज्या मुलाला शेजारच्या उदबत्तीनेही धाप लागते, त्याला त्या धुरात बसवतात. दोन मिनिटांत मूल खोकू लागते. "बघ, कफ सुटतोय," आजी समाधानाने म्हणते. धुराने श्वासनलिका आणखी आखडल्या की असाच खोकला येतो. पण त्या क्षणी धुरापलीकडची सूनबाई आजीला दिसत नसते, त्यामुळे वाद वाढत नाही.

अडुळशाबाबत आजीची बाजू बरीच भक्कम आहे. अडुळशाच्या पानांत वासिसिन नावाचे द्रव्य असते आणि त्याच्यावरूनच रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार केले. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या खोकल्याच्या बाटलीत ते पुष्कळदा असते. आजीचा काढा कडू म्हणून जे नातवंड बेसिनमध्ये थुंकते, तेच बाटलीतले औषध रासबेरीच्या स्वादात आनंदाने पिते. अर्थात कफ पातळ झाला म्हणून आखडलेली नळी सैल होत नाही, हे काढ्यालाही लागू आहे आणि बाटलीलाही.

घरचे उपाय संपण्याच्या आतच बाहेरचे सुरू होतात. मुलाला दमा आहे ही बातमी पहिल्याच लग्नकार्यात फुटते. "वहिनी, तुम्ही काळजीच करू नका. आमच्या नणंदेच्या जावेचा मुलगा, अगदी हेच. एक पुडी घेतली तीन महिने, आज मिलिटरीत आहे." या कथांमधला बरा झालेला मुलगा नेहमीच मिलिटरीत, अमेरिकेत किंवा जिल्ह्याच्या कबड्डी संघात असतो. तो समोर कधीच येत नाही, कारण तो मिलिटरीत, अमेरिकेत किंवा सामन्याला गेलेला असतो. ज्याला गुण आला नाही, त्याची आई अशा वेळी पंगतीत वाढत असते आणि तिला कोणी विचारत नाही.

याच सुमारास गल्लीत गाढवीण घेऊन फिरणारा येतो. "गाढविणीचं दूऽऽध" अशी आरोळी ऐकली की थोरल्या पिढीचे कान टवकारतात. हे दूध लिटरने मिळत नाही, चमच्याने मिळते. समोर काढून, तिथल्या तिथे पाजून, पैसे रोख. सर्दी, खोकला, दमा आणि उशिरा बोलणे या सगळ्यांवर तोच एक चमचा. भावात घासाघीस करायची नसते. गाढवीण शांतपणे उभी असते. या व्यवहारात काहीही दावा न करणारी ती एकटीच.

पुढचा टप्पा वैद्यांचा. आयुर्वेदाने श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. दमा म्हणजे यांतला तमकश्वास. चरकसंहितेने तो 'याप्य' ठरवला आहे, म्हणजे ताब्यात ठेवता येतो पण मुळातून जात नाही. नुकताच सुरू झाला असेल तर बरा होऊ शकतो, एवढी सवलत दिली आहे. आजचा फुप्फुसतज्ज्ञही शब्द बदलून जवळजवळ हेच सांगतो. त्यामुळे चरकाचे नाव घेऊन एस.टी. स्टँडच्या भिंतीवर 'दमा मुळापासून नष्ट' असे पिवळ्या रंगात रंगवणारा माणूस चरकाच्या पुष्कळ पुढे गेलेला असतो. देशाच्या औषध नियमांतल्या 'अनुसूची जे' मध्ये, जे रोग बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही अशा रोगांच्या यादीत दमा आहे. पण ही यादी भिंतीवर रंगवलेली नसते.

धोतऱ्याची हकिगत इथेच सांगायला हवी. कनकासवात धोतरा असतो आणि दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढायची रीत आपल्याकडे जुनी आहे. ही रीत १८०२च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडला पोहोचली आणि पुढे शंभर-दीडशे वर्षे युरोपात 'दम्याच्या सिगारेटी' औषधांच्या दुकानात विकल्या गेल्या. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त त्या ओढत असे. धोतऱ्यातल्या अॅट्रोपीनच्या कुळातलेच एक सुधारलेले औषध, इप्राट्रोपियम, आज दवाखान्यातल्या नेब्युलायझरमध्ये घालतात. घरच्या घरी धोतरा वापरणाऱ्याला भ्रम होऊन तो भिंतीशी गप्पा मारू लागतो. मात्रा मोजण्याचे तंत्र हाच काय तो कारखान्याचा आणि परसदाराचा फरक.

होमिओपथीचा दवाखाना मुलांना सर्वांत प्रिय, कारण तिथे सुई नसते आणि गोळ्या गोड असतात. आयांनाही तो आवडतो, कारण तिथे तासभर कोणीतरी त्यांचे ऐकून घेते. मुलाला आंबट आवडते का गोड, पांघरूण अंगावर घेतो का लाथाडतो, स्वप्नात साप येतात का कुत्री, पोटात असताना तुम्हाला कशाची भीती वाटली होती. या शेवटच्या प्रश्नाला सासूबाई बाहेरच्या बाकावर असतील तर एक उत्तर मिळते आणि नसतील तर दुसरे. यानंतर जी औषधे निघतात त्यांत 'ब्लाटा ओरिएंटॅलिस' हे एक नाव दम्यासाठी प्रसिद्ध आहे. ते झुरळापासून करतात. झुरळाची विष्ठा आणि अंगाचे कण हे दमा चाळवणारे एक सिद्ध झालेले कारण आहे, तेव्हा समानाने समानावर उपचार या तत्त्वाला हे धरूनच झाले. फक्त त्याच आठवड्यात वडिलांनी झुरळांसाठी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलेले असते आणि दोन्ही बिले एकाच डायरीत, एकाखाली एक लिहिली जातात.

पथ्य हा सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग आहे. वैद्यबुवा दही, केळे आणि गार पाणी बंद करतात. होमिओपथ कॉफी, कच्चा कांदा आणि कापूर बंद करतात. कापराच्या वासाने गोळ्यांचा गुण उडतो. आजीच्या छातीला चोळायच्या तेलात मात्र कापूरच असतो आणि तिच्या मधाच्या चाटणात कांद्याचा रस. उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात, जो महात्मा गांधींच्या पुढाकाराने १९४६ साली सुरू झाला, महिनाभर राहून आलेली मावशी दूध-साखर बंद करून फळांवर ठेवा म्हणते आणि फळांत केळे आलेच. शाळेतल्या बाई मुलाने डब्यात पोळी-भाजीच आणावी असे सांगतात. सगळ्यांचा मान राखायचा तर मुलाच्या ताटात मुगाची आमटी आणि भात उरतो, आणि भाताने कफ होतो असे वरच्या मजल्यावरच्या काकू सांगून जातात. कोणत्याही पथ्यात आइस्क्रीम बसत नाही, या एका मुद्द्यावर सर्व उपचारपद्धतींचे एकमत आहे. मुलाच्या दृष्टीने हीच सगळ्या शास्त्रांची समान उणीव. खरे म्हणजे एखाद्या मुलाला एखाद्या पदार्थाची ठरलेली ॲलर्जी नसेल, तर ताटातल्या बहुतेक बंद्यांनी दम्याला फारसा फरक पडत नाही. मुलाचे वजन मात्र कमी होते.

या सगळ्यात थाट मोठा हैदराबादच्या माशाचा. मृग लागला की जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बथिनी गौड कुटुंब दम्यासाठी माशातून औषध देते. परंपरा १८४५ पासूनची सांगतात, कृती एका साधूने दिली आणि फुकट द्यायची अट घातली अशी कथा आहे, आणि मिश्रण गुप्त आहे. वैज्ञानिक दृष्टीच्या संघटनांनी आक्षेप घेतल्यानंतर 'औषध' हा शब्द मागे पडून 'मत्स्य प्रसाद' हा शब्द पुढे आला. ठिकाण नामपल्लीचे प्रदर्शन मैदान. मराठवाड्यातून आणि विदर्भातून, मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसने, माणसे आदल्या दिवशीच जाऊन रांग धरतात.

रांगेच्या टोकाला जे होते ते पाहण्यासारखे असते. सरकारी मत्स्य खात्याच्या काउंटरवरून पैसे देऊन प्लास्टिकच्या पिशवीत बोटभर लांबीची जिवंत मरळ घ्यायची. पिशवीतले पाणी हलत असते, मूल त्या माशाला तोवर नाव ठेवते. पुढे गेल्यावर देणारा माणूस पिवळसर गोळी माशाच्या तोंडात कोंबतो, बाप मुलाचे हात धरतो, आई नाक दाबते, तोंड उघडले की मासा आत. आत जातानाही तो वळवळतो; त्यामुळे गळा साफ होतो, असे समर्थन दिले जाते. मूल नाव ठेवलेल्या माशासाठी रडते, आईला वाटते औषध लागले. शाकाहारी घरांसाठी हीच गोळी गुळातून मिळते. सोबत पंचेचाळीस दिवसांचे पथ्य आणि सलग तीन वर्षे यायची अट. प्राणिशास्त्राची एक बाब कोणी लक्षात घेत नाही: मरळ हा पाण्यात राहूनही वर येऊन हवा घेणारा मासा आहे, आणि वर येऊ दिले नाही तर तो गुदमरतो. रांगेतल्या मंडळींपैकी श्वासाची अडचण त्या दिवशी सर्वांत जास्त त्यालाच होते.

तीन वर्षांच्या अटीत शहाणपण आहे. आठव्या वर्षी पहिला मासा गिळलेले मूल तिसऱ्या माशापर्यंत दहा वर्षांचे होते, आणि वर सांगितलेला निसर्गक्रम तेवढ्यात अर्धी वाट चालून आलेला असतो.

ज्यांना हैदराबाद परवडत नाही त्यांच्यासाठी कोजागिरी. गावोगावच्या मठांत आणि मंगल कार्यालयांत त्या रात्री दम्याचे औषध खिरीतून देतात. पिंपळाच्या सालीचे चूर्ण घातलेली खीर चांदण्यात ठेवायची, रात्रभर जागायचे, पहाटे खायची. ऑक्टोबरच्या थंड हवेत, दवात, मैदानात सतरंजीवर दम्याची पन्नास मुले रात्रभर जागी ठेवण्याचा हा प्रयोग डॉक्टरांनी सुचवला असता तर त्यांच्यावर खटला झाला असता. मुलांना मात्र ही रात्र फार आवडते. जागरण, भेंड्या, खीर, आणि दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी.

श्वासाच्या व्यायामांत परस्परविरोध पराकोटीचा आहे. योगवर्गात दीर्घ श्वास घ्यायला शिकवतात. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली, तेव्हापासून या विषयाला गांभीर्यही आहे. उलट रशियाचे डॉक्टर कॉन्स्टंटिन बुटेयको यांची पद्धत म्हणते की दमेकरी जरुरीपेक्षा जास्त श्वास घेतात, तो कमी करा. घरात ताई पहिला वर्ग करते आणि काका इंटरनेटवरून दुसरी पद्धत शिकतात, तेव्हा मुलाला एकाच संध्याकाळी खोल श्वास घे आणि घेऊ नको अशा दोन्ही सूचना मिळतात. तिसरे कोणी फुगे आणून देते, चौथे बासरी. बासरीचा फायदा दम्यापेक्षा शेजाऱ्यांच्या सहनशक्तीला होतो. श्वासाच्या व्यायामांनी काहींना बरे वाटते, धाप लागल्यावर घाबरणे कमी होते. हे खरेच कामाचे आहे, फक्त नळीची सूज त्याने उतरत नाही.

मिठाच्या खोल्या हा नवश्रीमंत प्रकार. पोलंडमधल्या वीलिच्काच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या छातीबद्दल एकोणिसाव्या शतकात तिथल्या डॉक्टर बॉचकोव्स्की यांनी लिहिले, आणि आज पुण्या-मुंबईत पांढऱ्या भिंतींच्या वातानुकूलित खोलीत मूल तासभर मिठात खेळते. बाहेर आई मोबाइलवर बिल भरते. कोकणातल्या मिठागरावर हेच मीठ, हीच हवा फुकट मिळते, पण तिथे रिसेप्शनिस्ट नसते.

आता पुडीविषयी. न सांगितलेल्या घटकांची, चिठ्ठी न लावलेली, कागदात बांधलेली पुडी. ती घेतली की दोन दिवसांत धाप गायब, मुलाला भूक वाढते, गाल गुबगुबीत होतात. "बघा, चेहऱ्यावर तेज आलं." अशा पुड्या तपासल्या तेव्हा काहींत कुटलेली स्टेरॉइडची गोळी सापडली आहे. ज्या कुटुंबाने 'स्टेरॉइड नको' म्हणून डॉक्टरांचा श्वासातून घ्यायचा पंप नाकारला, ते कुटुंब महिनोन्महिने पुडीतून त्याच्या कित्येक पट स्टेरॉइड मुलाला चारत असते, मोठ्या विश्वासाने. अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे असते आणि डॉक्टरांना सांगायचे तर पुडीत काय होते ते कोणालाच माहीत नसते.

पंपाची पाळी शेवटी येते. त्याच्याविषयीची भीती तिघांत वाटलेली असते. आजीला वाटते त्याची सवय लागते. वडिलांना वाटते औषध फार कडक आहे. मुलगी असेल तर काकूला तिचे लग्न दिसते. हिशेब मात्र उलट आहे. आखडलेली नळी सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, २ मिलिग्रॅम. म्हणजे 'सौम्य' म्हणून पाजलेल्या एका चमच्यात 'कडक' पंपाचे वीस दाब असतात आणि ते पोटातून सगळ्या शरीरभर फिरून मग छातीत पोहोचतात. मुलाचे हात थरथरतात, झोप उडते. मग झोपेसाठी जायफळ उगाळतात.

पंपाचा शोधही एका मुलीच्या वैतागातून लागला. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांची तेरा वर्षांची मुलगी काचेचा नाजूक नेब्युलायझर दाबून कंटाळली होती. केसांचा फवारा डब्यातून येतो तसे माझे औषध का येत नाही, असे तिने विचारले. १९५६ साली मोजून मात्रा देणारा पंप बाजारात आला. दम्याच्या उपायांच्या या सबंध यादीत रोग्यालाच विचारून केलेला उपाय एवढा एकच असावा.

लहान मुलाला पंप नीट ओढता येत नाही म्हणून मध्ये स्पेसर लावतात. तो महाग वाटतो. केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिले की ५०० मिलिलिटरची साधी प्लास्टिकची बाटली तळाशी भोक पाडून, पंप बसवून वापरली तरी काम तितकेच चांगले होते. रिकामी बाटली कधीही न टाकणाऱ्या मराठी घरात हा शोध डोक्यावर घेतला जायला हवा होता. पण बाटली फुकट, तिला प्रवास नाही, पथ्य नाही, मुहूर्तही नाही. एवढ्या सोप्या गोष्टीचा कोणाला भरवसा वाटत नाही.

मग इतर उपायांनी बरे वाटते ते खोटे का? याचे उत्तर अमेरिकेत २०११ साली झालेल्या एका प्रयोगाने दिले. दम्याच्या मोठ्या माणसांना आळीपाळीने खरा पंप, औषध नसलेला पंप, टोचल्याचा नुसता बहाणा करणारे अॅक्युपंक्चर आणि काहीच नाही, असे देऊन पाहिले. पहिल्या तिन्ही प्रकारांत लोकांना जवळजवळ सारखेच बरे वाटले. फुंकर मोजण्याच्या यंत्रावर मात्र खऱ्या पंपाने सुमारे २० टक्के सुधारणा दिसली आणि बाकी तिन्हींत जेमतेम ७ टक्के. म्हणजे आजीच्या पुरचुंडीने, खिरीने आणि माशाने मुलाला बरे वाटते हे अगदी खरे. फक्त पहाटे तीन वाजता जेव्हा मुलाचे पोट उडू लागते, ओठ निळसर होतात आणि एक वाक्यही सलग बोलता येत नाही, तेव्हा नळीला नुसते बरे वाटणे चालत नाही. तेव्हा आधी पंप, मग रिक्षा. फोन करून मावशीला विचारायची वेळ ती नव्हे.

तेराव्या-चौदाव्या वर्षी बऱ्याच घरांत दमा निघून जातो आणि श्रेयाची वाटणी सुरू होते. डॉक्टरांना वाटते रोजचा प्रतिबंधक पंप लागू पडला. वैद्यबुवांना च्यवनप्राश. होमिओपथांचे म्हणणे असते की त्यांचे औषध हळू पण मुळाशी जाते, म्हणून सहा वर्षे लागली. आजीचा ओवा ठरलेलाच. बहुतेक बैठकींत मासा जिंकतो, कारण त्याच्यासाठी रजा काढली होती, रात्रभर रांग लावली होती आणि मुलाने त्याला नाव ठेवले होते. पुढच्या लग्नात वहिनी कोणाला तरी बाजूला घेऊन सांगतात, "एक मासा, बस. आज बघा, इंजिनिअरिंगला आहे."

काहींचा दमा पंचविशी-तिशीत परत येतो. तेव्हा मासा, खीर, पुडी यांतल्या कोणालाही जाब विचारला जात नाही. दोष ऑफिसच्या एसीला जातो, पुण्याच्या मेट्रोच्या धुळीला जातो, आणि लग्नानंतर वर्षभरात आला असेल तर नव्या सुनेच्या फोडणीला.